धूम्रपानाचे खाते : नावे आणि जमा

व्यापारी घराण्यांत हिशेब हा केवळ व्यवसायाचा भाग नसतो. तो संस्कार असतो. रोजमेळ जुळल्याशिवाय पेढीला कुलूप लागत नाही आणि दोन रुपयांची तफावत आली तरी कीर्द पुन्हा तपासली जाते. मात्र त्याच पेढीच्या पायरीवर दिवसातून आठ-दहा वेळा पेटणाऱ्या सिगारेटचा हिशेब क्वचितच कोठे लिहिला जातो. ज्या घरांत पाणीसुद्धा गाळून पिण्याची रीत आहे, त्याच घरांतील काही पुरुष बाजारात गेल्यावर धूर मात्र न गाळता छातीत भरून घेतात. ही विसंगती कडू असली तरी खरी आहे.

प्रथम रकमेची बाजू पाहावी. एका सिगारेटचे मूल्य १५ रुपये आणि दिवसाला दहा सिगारेटी असे गृहीत धरल्यास रोजचे १५० व महिन्याचे सुमारे ४,५०० रुपये होतात. हीच रक्कम दरमहा ७ टक्के दराने वीस वर्षे साठवली, तर १० लाख ८० हजारांच्या मुद्दलाचे व्याजासह सुमारे २३ लाख रुपये होतात. मुलाच्या उच्च शिक्षणाची तरतूद होईल एवढा पैसा असा राख होऊन जातो.

परंतु नावे पडणारी खरी रक्कम आयुष्याच्या वर्षांची आहे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ मध्ये आपल्या देशातील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयींची नोंद केली. त्यांचा मागोवा पुढे तब्बल पन्नास वर्षे घेण्यात आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आयुष्यभर सिगारेट ओढणारे पुरुष न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी मृत्यू पावतात. भारतातील मृत्यूंचा असाच व्यापक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे दहा वर्षांनी, तर विडी ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे सहा वर्षांनी घटते. पानात गुंडाळलेली असल्यामुळे विडी सौम्य असते, हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

हे घडते कसे? धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचून सवयीची गाठ घट्ट करते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, त्यामुळे हृदयावर ताण पडतो. धुरात सात हजारांहून अधिक रसायने असून त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. फुप्फुस, घसा, अन्ननलिका व मूत्राशय यांचे कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि श्वास कोंडणारा सीओपीडी हा विकार या मार्गाने येतात. आपल्या देशात धूम्रपानामुळे क्षयरोगाने दगावणाऱ्यांची संख्याही मोठी आहे.

‘दिवसाला एखाददुसरीच ओढतो’ हा युक्तिवाद बाजारात नेहमी ऐकू येतो. येथे मात्र त्रैराशिक लागू पडत नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला असणारा हृदयविकाराचा अतिरिक्त धोका वीस ओढणाऱ्याच्या विसाव्या भागाइतका नव्हे, तर जवळजवळ निम्मा असतो. म्हणून प्रमाण कमी करणे ही तडजोड ठरते, मुक्ती नव्हे. सिगारेट सोडून तंबाखू-चुन्याकडे वळणे हेही खाते बंद करणे नसून केवळ दुसऱ्या नावावर फिरवणे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. मुखाच्या कर्करोगाचे मूळ तेथेच आहे.

या व्यवहाराला नकळत जामीन राहणारेही असतात. लहानशा गाळ्यात दिवसभर गल्ल्यावर बसणारा मुलगा, माल काढून देणारा नोकर आणि घरातील बालके दुसऱ्याने सोडलेला धूर घेतात. मुलांमध्ये दमा बळावतो आणि कानाचे विकार वाढतात. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक व कामाच्या ठिकाणी धूम्रपानास देशभर बंदी आहे, ती याच कारणासाठी.

विम्याचाही विचार करावा. मुदत विम्यात धूम्रपान करणाऱ्यास हप्ता अधिक पडतो. तो वाचवण्यासाठी प्रस्तावात ‘नाही’ असे लिहिणे ही महत्त्वाची माहिती दडवणे होय. पहिल्या तीन वर्षांत मृत्यू ओढवल्यास त्या कारणावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. थोड्या बचतीपायी ऐन संकटात कुटुंब उघड्यावर येण्याची ही वाट आहे.

आता जमेची बाजू. शेवटची सिगारेट विझल्यानंतर वीस मिनिटांतच नाडीची गती व रक्तदाब उतरू लागतात. बारा तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो. काही महिन्यांत खोकला व धाप कमी होते. एका वर्षानंतर हृदयविकाराचा अतिरिक्त धोका निम्म्यावर येतो, तर दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या सुमारे निम्मा उरतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या त्याच अभ्यासानुसार साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यास सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी दहा वर्षे परत मिळतात. उशीर जितका अधिक, तितकी परतफेड कमी. पण ‘आता या वयात काय उपयोग’ असे म्हणण्याची वेळ कोणत्याही वयात येत नाही.

सोडण्याची रीत साधी आहे, सोपी नाही. तारीख निश्चित करून ती घरात जाहीर करावी. चातुर्मासात नियम घेऊन तो निष्ठेने पाळणाऱ्या कुटुंबांना तिथी ठरवून व्रत घेणे नवखे नाही. पहिल्या आठवड्यात चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश जाणवतो. तो दोन-चार आठवड्यांत ओसरतो. तलफ बहुधा काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात पाणी प्यावे, लवंग वा बडीशेप चघळावी, चार पावले चालून यावे. चहाबरोबर सिगारेटची सवय असल्यास काही दिवस चहाची वेळ आणि जागा बदलावी. गरज भासल्यास वैद्यकीय सल्ल्याने निकोटीनचा चघळगोंद किंवा औषध घ्यावे. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशन मिळते. एखादा प्रयत्न फसला तरी खचून जाऊ नये. अनेकांना कायमची मुक्ती दोन-तीन प्रयत्नांनंतरच लाभते.

या काळात घरच्यांनी टोमणे न मारता धीर द्यावा आणि मित्रांनी सिगारेट पुढे करू नये. पेढी, गाळा, ठेवी हे सारे पुढच्या पिढीच्या हाती सोपवता येते. परंतु ते सोपवताना वडील माणूस शेजारी बसलेला असणे, हा वारसा कोणत्याही मृत्युपत्रात लिहून देता येत नाही. तो वाचवण्याचे काम ज्याचे त्याने, आणि आजच, हाती घ्यावयाचे असते.