मेल अडकतो कुठं? पिंपळगावातला एक दिवस

सकाळी ९.३०

फेब्रुवारी म्हणजे पिंपळगाव बसवंतमध्ये द्राक्षांची घाई. आमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान इथल्याच बाजारपेठेत. डिस्प्ले आणि चार्जिंग पिनच्या कामांसोबत या दिवसांत एक तक्रार हमखास येते: फोनवर नवे मेल येत नाहीत.

हाताखालच्या मुलाला मी पहिल्यापासून एकच शिस्त लावली आहे. ॲप काढून टाकायचं नाही, फोन रिसेट करायचा नाही. गिऱ्हाइकाला स्वतःच्या हातानं ब्राउझरमध्ये लॉगिन करायला सांगायचं आणि इनबॉक्स बघायचा. मेल तिथं असेल तर दोष फोनमध्ये. तिथंही नसेल तर फोनच्या सेटिंग खालीवर करून काही होणार नाही. निम्मं निदान इथंच होतं.

सकाळी १०.१५

एक बागायतदार घाईनं आले. "दादा, लॅबवाले म्हणतात रिपोर्ट कालच पाठवला. माझ्याकडे काहीच नाही." युरोपात द्राक्षं पाठवायची तर औषधांच्या अंशांची तपासणी लागते. तो रिपोर्ट हातात आल्याशिवाय तोडणीचं पुढं सरकत नाही.

ब्राउझरमध्येही मेल नव्हता. वर लाल पट्टी होती: जागा संपली. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पासून नव्यानं चढवलेले कमी आकाराचे फोटोही त्यात मोजले जातात. बागेचे व्हिडिओ आपोआप चढत राहिले आणि मेलला जागा उरली नाही. अशा वेळी आलेला मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो.

मोठे व्हिडिओ त्यांनी आधी मेमरी कार्डावर घेतले, मग ड्राइव्ह आणि फोटोंतून काढले. मोठ्या ॲटॅचमेंटचे जुने मेलही काढले. त्यानंतर कचरापेटी रिकामी केली, कारण पेटीत पडलेलंही जागा खातं. शेवटी लॅबला फोन करायला लावला. परत गेलेला मेल आपोआप येत नाही, तो पुन्हा मागवावाच लागतो.

सकाळी ११.३०

कॉलेजातली एक मुलगी. मुलाखतीचा मेल तिला दुसऱ्या दिवशी दिसला. ॲप उघडलं की सगळे मेल एकदम येतात, एरवी काही नाही. म्हणजे मेल पोचतोय, फोन झोपलाय.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून असलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲपची मागची कामं रोखून धरतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्यावर आणखी कडक बंधनं असतात. म्हणून क्रमानं बघतो: खात्याचं सिंक चालू आहे का, बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर बंद आहेत का, त्या ॲपला मागे डेटा वापरायची मोकळीक आहे का, ऑटोस्टार्ट चालू आहे का. नोटिफिकेशन सर्वांत शेवटी, कारण ते बंद असलं तरी मेल येतच असतो, फक्त वाजत नाही.

"ताई, बॅटरी थोडी जास्त जाईल," मी सांगितलं. नोकरी शोधताना तेवढी जाऊ द्यावी.

दुपारी २.००

डबा खाऊन बसतो तोच निवृत्त गुरुजी आले. फोन सारखा पासवर्ड चुकीचा म्हणतोय. मुलानं संगणकावरून पासवर्ड बदलला होता आणि फोन अजून जुनाच देत होता.

पण लगेच नवा पासवर्ड टाकला नाही. त्यांचं ॲप जुनं होतं, नुसत्या पासवर्डावर चालणारं. ३० मे २०२२ पासून गुगलनं वैयक्तिक खात्यांसाठी अशा ॲपना ती सोय बंद करायला घेतली. आता गुगलच्याच पानावरून लॉगिन करणारं ॲप लागतं, नाहीतर १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड.

जुनं खातं काढण्याआधी ते आयमॅपवर आहे की पॉपवर, हे बघितलं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, फोन फक्त दाखवतो. पॉपमध्ये मेल उतरवून सर्व्हरवरून पुसले गेलेले असू शकतात. तसं असलं तर फोनमधली प्रत हीच एकमेव. घाईत खातं काढलं तर वर्षांची पत्रं एका बोटात जातात. गुरुजींचं आयमॅप निघालं, तेव्हा निर्धास्तपणे खातं काढून, गुगलच्या पानावरून लॉगिन करणाऱ्या ॲपमध्ये नव्यानं जोडलं. पासवर्ड त्यांनीच टाकला. मी पाठ फिरवून उभा होतो, आणि हाताखालच्या मुलानंही तसंच करायचं असतं.

सायंकाळी ४.३०

एका व्यापाऱ्याचा आयफोन. त्यातल्या मेल ॲपमध्ये जीमेल खात्याला पुश नाही, म्हणजे सर्व्हर स्वतःहून मेल ढकलत नाही. फोन ठरावीक वेळानं सर्व्हरला विचारतो. त्या वेळेच्या सेटिंगमध्ये 'मॅन्युअल' निवडलेलं होतं. ते बदलून दर १५ मिनिटांवर ठेवलं. लो पॉवर मोड चालू असला तर हे विचारणंही थांबतं, म्हणून तो बंद केला.

सायंकाळी ६.००

एका फोनची तारीख मागे गेली होती. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र मुदतीत आहे का, हे फोन स्वतःच्या तारखेवरून ठरवतो. तारीख चुकली की तो सर्व्हरलाच नाकारतो. वेळ आपोआप घेण्यावर ठेवली, मेल सुरू झाले.

दुसऱ्या एकाचा मेल स्पॅममध्ये होता. जीमेलमध्ये तिथले मेल ३० दिवसांनी पुसले जातात, म्हणून तो खण अधूनमधून चाळायला सांगितला.

रात्री ८.३०

फोन परत देताना मी शेवटची चाचणी घेतोच. स्क्रीन बंद करून फोन बाजूला ठेवायचा, दुकानाच्या खात्यावरून मेल पाठवायचा आणि हात न लावता तो येतो का बघायचं. ॲप खाली ओढून आणलेला मेल ही दुरुस्ती नव्हे.

कोणाचं पीक, कोणाची नोकरी, कोणाची पेन्शन आज एका मेलवर अडकलेली असते. म्हणून प्रत्येकाला सांगतो: मेल थांबले तर आधी ब्राउझरमध्ये बघा, मग जागा, मग सिंक आणि बॅटरी, मग पासवर्ड. खातं किंवा ॲप काढणं हा शेवटचा उपाय, आणि तोही मेल सर्व्हरवर आहेत हे डोळ्यांनी पाहिल्यावरच.