विसावं अक्षर

सँगर सिक्वेन्सिंगचा आलेख पडद्यावर उघडतो. डीएनएची चार अक्षरं चार रंगांत: हिरवं शिखर म्हणजे ए, लाल टी, निळं सी, काळं जी. सिकलसेलच्या वाहकाचा नमुना असेल, तर बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका जागी हिरवं आणि लाल एकमेकांवर चढलेलं दिसतं: आईवडलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकीत ए, दुसरीत टी. हे दिसायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो रिपोर्टात त्याचं नाव लिहायला.

जनुकीय बदलांना नावं देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम म्हणजे एचजीव्हीएस. त्यांप्रमाणे नाव होतं सी.२०ए>टी. सुरुवातीचा ‘सी’ सांगतो की मोजणी प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागातली आहे, एटीजी या पहिल्या तीन अक्षरांतल्या ए पासून. विसाव्या जागी ए चा टी झाला, जीएजी चं जीटीजी झालं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं. म्हणून प्रथिनाच्या पातळीवर पी.ग्लू७व्हॅल. रक्तविकारांच्या जुन्या पुस्तकांत मात्र सगळीकडे सहावं स्थान आहे. तेही बरोबरच. तयार प्रथिनातून पहिलं मेथिओनिन कापलं जातं, जुनी मोजणी ते धरत नाही.

संगणकाच्या फाइलमध्ये हाच बदल टी>ए असा येतो, कारण हे जनुक अकराव्या गुणसूत्राच्या उलट धाग्यावर वाचलं जातं. जागा जीआरसीएच३८ या संदर्भ-क्रमात ५२२७००२, आधीच्या जीआरसीएच३७ मध्ये ५२४८२३२. कोणत्या आवृत्तीत मोजलं हे लिहिलं नाही, तर तो आकडा कुठेच नेत नाही. आणि मोजणी एका घराने हुकली तर? शेजारच्या सी.१९जी>ए मुळे हिमोग्लोबिन सी तयार होतं. दोन्ही प्रतींत हा बदल असला तरी आजार सिकलसेलपेक्षा कितीतरी सौम्य असतो.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत. पतीपत्नींपैकी एक सिकलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा, असंही घडतं. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बदल मिळून सिकल-बीटा थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त आढळणारा बदल सी.९२+५जी>सी: पहिल्या एक्झॉनचं, म्हणजे जनुकाच्या मजकुराच्या पहिल्या तुकड्याचं, शेवटचं अक्षर ९२वं; त्यापुढच्या इंट्रॉनमधलं, म्हणजे नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागातलं, पाचवं. जुन्या रिपोर्टांत तो ‘आयव्हीएस १-५’ असतो. गर्भाची तपासणी करताना प्रयोगशाळा नेमकी हीच दोन अक्षरं शोधणार असते आणि आईवडलांचे रिपोर्ट बहुधा वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या वर्षांचे असतात.

म्हणून एचजीव्हीएसचं नाव आणि संदर्भ-क्रमाचा आवृत्तीसह क्रमांक दिल्यावरही मी कंसात जुनं नाव लिहायचा आग्रह धरते. रिपोर्टाची ओळ लांबते, काही सहकाऱ्यांना ते अनावश्यक वाटतं. पण तालुक्याच्या डॉक्टरांना त्यांच्या ओळखीचं ‘आयव्हीएस १-५’ तिथेच सापडायला हवं, फोन करून विचारावं लागता कामा नये.