शिट्टी वाजवणारा पत्रा

बाराशे किलोची गाडी लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरते तेव्हा साधारण पाचशे मीटर खाली येते. उतारावर मिळालेली ही ऊर्जा कुठेतरी जिरवावीच लागते. थोडी हवेत जाते, थोडी खालच्या गिअरमधलं इंजिन पचवतं. पण पेट्रोल वाचवायला कुणी न्यूट्रलमध्ये, नुसत्या ब्रेकवर घाट उतरला, तर बहुतेक सगळी ऊर्जा उष्णता होऊन चाकांपाशी जमते. गणित केलं तर तेवढ्या उष्णतेत अठरा लिटर पाणी उकळेल! ही आग झेलतात तळहातावर मावणारे पॅड आणि बिडाच्या डिस्क. पुढच्या चाकांवर तर जास्तच भार, कारण ब्रेक दाबताच गाडीचं वजन पुढे झुकतं. म्हणून पुढचे पॅड आधी संपतात.

झीज ही ब्रेकमधली खोट नाही, ते त्याचं कामच आहे. फक्त जे झिजायचं ते स्वस्त आणि बदलता येण्याजोगं असावं. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन पती कार्ल बेंझ यांच्या मोटारगाडीतून मानहाइमहून फॉर्त्सहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटरच्या त्या वाटेवर उतारांनी लाकडी ब्रेक खाऊन टाकले, तेव्हा त्यांनी एका जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. आजचा पॅड त्या कातड्याचाच वारसदार.

नव्या पॅडवर घर्षणाच्या मसाल्याचा थर साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो. तो तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे, हा सर्वसाधारण नियम. पण गाडी चालवणाऱ्याला हे कळणार कसं? इथे ज्या कुणाची बुद्धी चालली, त्याला दाद द्यावीशी वाटते. अनेक पॅडांच्या पाठीला पोलादी पत्र्याची एक बारीक, वाकवलेली पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते. पॅड जाड असेपर्यंत ती डिस्कपासून दूर राहते. थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की तिचं टोक डिस्कला टेकतं आणि कानात घुसणारी कर्कश शिट्टी सुरू होते. ना तार, ना सेन्सर. पत्र्याचा एक तुकडा आणि अचूक अंतर.

प्रत्येक आवाज हा इशारा नसतो, हेही खरं. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. पहिले चार-दोन ब्रेक खरखरतात आणि आवाज जातो. त्याला घाबरू नये. रोज, हलक्या वेगातही येणारी शिट्टी वेगळी. आणि शिट्टीची जागा लोखंडावर लोखंड घासल्यासारख्या घरघरीने घेतली, तर मसाला संपून पॅडची पाठ डिस्कला कोरते आहे. तिथून पुढचं प्रत्येक किलोमीटर धोक्याचं, आणि पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च वाढवणारं.

दुसरी खूण बॉनेटखाली सापडते. पण तिची सुरुवात चाकापाशी होते. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या पिस्टनभोवती रबराची एक रिंग असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि रिंग त्याच्यासोबत पिळली जाते. पाय काढला की ती मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड झिजला की पिस्टन रिंगमधून थोडा पुढे घसरून नव्या जागी स्थिरावतो. म्हणून पेडल वर्षानुवर्षं तसंच लागतं. पिस्टनमागची वाढलेली पोकळी ब्रेक ऑइलने भरते आणि बॉनेटखालच्या ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते. पातळी उतरलेली दिसली की आधी गळती नाही ना ते बघावं, मग पॅड बघावेत. नुसतं ऑइल ओतलं तर इशारा पुसला जातो, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की तेच ऑइल डबीतून बाहेर येतं.

डिस्कला मात्र शिट्टी नाही. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. नवी असताना 22 मिलिमीटर असलेल्या डिस्कची हद्द बरेचदा 20 असते. दोन्ही बाजू मिळून झिजायला फक्त दोन मिलिमीटर! पातळ डिस्कमध्ये उष्णता सामावायला लोखंड कमी उरतं, ती लवकर तापते आणि ऐन उतारावर ब्रेक ढिले पडतात. गाडी पूर्ण गार झाल्यावर डिस्कच्या बाहेरच्या काठावरून नख फिरवा. ठळक कंगोरा लागला तर जाडी मोजून घ्यायची वेळ झाली. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर अनेकदा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा फरकही हाताला जाणवू शकतो. अशा डिस्कवर नवे पॅड चढवून काही साधत नाही.

पॅड नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. पुढच्या वेळी टायर काढला जाईल, तेव्हा मेकॅनिकला आतला पॅडही दाखवायला सांगा. कॅलिपरच्या पिना जाम झाल्या की तोच आधी झिजतो, आणि बाहेरून तो दिसत नाही.