मी जास्त बोलत नाही, मला धंदा जमेल का?

कॉलेजमध्ये सेशन संपलं की टीवायची मुलं गराडा घालतात. लोन, लायसन्स, मार्जिन, सगळं विचारून होतं. गर्दी पांगली की एखादा मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, "मॅडम, मी जास्त बोलत नाही. मला धंदा जमेल का?"

घरी निकाल आधीच लागलेला असतो. बडबड्या मुलगा दुकानात, गप्प मुलगा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. मुलगी असेल तर बी.एड. कर म्हणतात, विषय संपला! या एका समजुतीपायी पोरांची चार-पाच वर्षं आणि बापाची एफडी खर्ची पडते, म्हणून आज यावरच बोलू.

आधी बोलण्याचं बघू. २०१३ साली अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलचे अ‍ॅडम ग्रँट यांनी कॉल सेंटरमधून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यात जास्त विक्री बडबड्यांनी केली नव्हती. ती केली मधल्या लोकांनी, जे बोलतातही आणि ऐकूनही घेतात. अगदी अबोल मंडळी मागे पडली, हेही खरं. म्हणजे फोनवर माल विकणं गप्प माणसाला जड जाईल. पण धंदा म्हणजे फक्त विकणं, असं कोणी सांगितलं?

माझं स्टेशनरीचं दुकान घ्या. जूनच्या सीझनला काउंटरवर गर्दी आवरणारा माणूस लागतो. होलसेलवाल्याशी भाव करणारा लागतो. उधारीची वही उघडून, समोरच्याला न दुखावता पैसे मागणारा लागतो (हा सगळ्यात दुर्मिळ!). शिवाय स्टॉक मोजणारा, बिलं लावून ठेवणारा आणि महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या तारखा, न विसरणारा लागतो. झेरॉक्स मशीन अडकलं तर स्वतः उघडून बघणाराही लागतो. दुकान एक, पण स्वभाव किती!

जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये हाच विचार नीट मांडला. त्यांनी आवडीनिवडींचे सहा गट पाडले: हाताने काम करणारे, शोधत-तपासत बसणारे, कलेत रमणारे, माणसांना मदत करणारे, धडाडीने लोकांना पटवणारे आणि नेटकं, नियमाने काम करणारे. बहुतेक माणसांत दोन-तीन गटांचं मिश्रण असतं. यावर आधारलेली 'ओनेट इंटरेस्ट प्रोफायलर' ही चाचणी अमेरिकेच्या कामगार खात्याने नेटवर फुकट ठेवली आहे. तिथले करिअर अमेरिकेचे आहेत, तेवढं सोडून द्या, आपला कल मात्र कळतो. 'तुमचा स्वभाव ओळखा' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांकडे जायच्या आधी ही करून बघा.

आता हे धंद्याला लावू. हाताने काम करायला आवडतं, लोकांचा कंटाळा येतो, अशाने दुरुस्ती, फॅब्रिकेशन, बेकरीचं उत्पादन याकडे बघावं आणि माल दुकानदारांना द्यावा. मग रोज शंभर गिऱ्हाइकांऐवजी दहा दुकानदारांशीच गाठ पडते. नेटक्या माणसाला अकाउंटिंग, टॅक्सची कामं, पॅकिंग-डिस्पॅच छान जमतं. माणसांत रमणाऱ्याला क्लास, पाळणाघर, पार्लर. पण याच लोकांना उधारी मागताना घाम फुटतो, तेव्हा त्यांनी पहिल्या दिवसापासून रोखीचा किंवा आगाऊ फीचा नियम लावावा. आणि धडाडीवाले? दुकान उघडतील धुमधडाक्यात, पण हिशोबाला नेटका पार्टनर नसेल तर मार्चमध्ये फाइल घेऊन सीएकडे पळतील.

चाचणीवर मात्र सगळं सोडू नका. कागदावर 'आवडतं' लिहिणं आणि दुपारी तीनला गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर बसून राहणं, यात फरक आहे. नवीन अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आहे ना? अनेक मुलं ओळखीच्या ऑफिसातून नुसतं सर्टिफिकेट आणतात. त्याऐवजी ज्या धंद्याचा विचार आहे, त्याच धंद्यात, शक्यतो दुसऱ्या गावात, पंधरा दिवस काम मागा. दुसरं गाव अशासाठी, की तिथल्या मालकाला तुम्ही उद्याचे स्पर्धक वाटणार नाही आणि तो मोकळेपणाने दाखवेल. पगार मागू नका, उधारी वसुलीला सोबत न्या म्हणा.

रोज रात्री वहीत दोनच ओळी लिहा: आज कुठलं काम करताना घड्याळ बघितलं नाही, आणि कुठलं काम उद्यावर ढकललं. पंधरा दिवसांनी ती वही आणि तुमचं बजेट, दोन्ही घेऊन घरच्यांसमोर बसा. ढकललेल्या कामांच्या यादीतलं कुठलं काम पार्टनर करेल, कुठलं पगारी माणूस करेल आणि त्याचा महिन्याचा खर्च किती, हे आकड्यात मांडा. तो खर्च काढूनही धंदा परवडत असेल, तरच एफडी मोडायचं बोला.