एक चाकजोडी, दोन सायकली

आकुर्डीच्या कारखान्यांतील जुनी ‘चेतक’ स्कूटर ज्यांच्या घरीं होती, त्यांना तिचें जादा चाक आठवत असेल. तें पुढेंहि बसे आणि मागेंहि बसे. चाक उतरलें तरी ब्रेकचा ड्रम व गिअरची यंत्रणा गाडीलाच राही. हातांत येई तें फक्त रिम व टायर.

श्रोतेहो, सायकलीचें मागचें चाक इतकें मोकळें नसतें. गिअरच्या सायकलींत त्यावर लहानमोठ्या दांतेरी चक्रांचा जुडगा असतो. त्याला कॅसेट म्हणतात. पिंपरी-चिंचवडकडील कित्येक घरांत आतां दोन सायकली असतात: एक चाकणला कामावर जाण्याची, दुसरी रविवारीं लोणावळ्याकडे फेरी मारण्याची. चांगलीं चाकें महाग. तेव्हां एकच जोडी दोहोंना चालेल काय, हा प्रश्न साहजिक आहे.

प्रथम मापें पाहावींत. रिमवर ब्रेक लागणाऱ्या रस्त्याच्या सायकलींत मागच्या चाकासाठीं बहुधा १३० मिलिमीटर जागा असते, जुन्या डोंगरी सायकलींत १३५. तबकडीच्या ब्रेकच्या हल्लींच्या अनेक सायकलींत १४२, आणि आंसहि १२ मि.मी. जाड. माप किंवा ब्रेक जुळत नसेल, तर विषय तेथेंच संपवावा. चौकट ताणून चाक बसविणें धोक्याचें आहे.

मापें जुळलीं, तर पुढें चक्रें. शिमानोच्या आठ चक्रांच्या कॅसेटमध्यें शेजारच्या दोन चक्रांचें अंतर ४.८ मि.मी. असतें, नऊमध्यें सुमारें ४.३५, दहामध्यें ३.९५. हँडलवरील खटका साखळीला ठराविक मापानेंच सरकवितो. आठांचा खटका नऊंच्या कॅसेटवर चालविला, तर दर पायरीस ०.४५ मि.मी. चूक सांचते, चौथ्या पायरीस ती १.८ होते. साखळी खडखडते आणि चढावर जोर देतांच निसटते. मागून अवजड मालट्रक येत असतां असें होणें जिवावर बेतूं शकतें.

उपाय असा. कॅसेट ज्या नळीवर बसते, ती शिमानोंत आठ, नऊ व दहा चक्रांना सामान्यतः एकच. रस्त्याच्या अकरा चक्रांची नळी १.८५ मि.मी. अधिक लांब. लांब नळीवर तेवढ्या जाडीचा वॉशर आधीं घातला कीं लहान कॅसेट बसते. दहाच्या कांहीं कॅसेटना आणखी १ मि.मी.चा लागतो. म्हणून प्रत्येक सायकलीची कॅसेट वेगळी ठेवावी व चाकाबरोबर तीहि बदलावी. बदलल्यावर गिअर व ब्रेक अंगणांतच तपासावे, रस्त्यावर नव्हे.

दोन्ही सायकलींचीं चक्रें सारखीं असलीं, तर कॅसेटहि सामायिक चालते. पण मग दोन्ही साखळ्यांवर लक्ष हवें. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. हें माप इंचाच्या सोळाव्या भागानें वाढलें कीं साखळी बदलावी. नाहींतर एकीची झिजलेली साखळी चक्रांचे दांत खाते, आणि दुसरीची नवी साखळी त्यांवर उड्या मारूं लागते.

दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. चाकाला दोन घरचा पाहुणा करावयाचें असेल, तर त्याचें ताट दोन्ही घरीं तयार असावें.