बीकर, स्लाइड आणि नॅनोचं दशक

यंदा जूनमध्ये आमचे सर निवृत्त झाले. त्यांची जागा भरली जाणार नाही, हे विभागात कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही, कारण त्यांच्या आधी गेलेल्यांच्याही जागा भरलेल्या नाहीत. थिन फिल्मच्या प्रयोगशाळेत आता एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स तासिका तत्त्वावरचे दोन तरुण घेतात. दोघंही पीएच.डी. झालेले आहेत, एक तर कोरियात पोस्टडॉक करून आलेला. संशोधन मात्र तिथं थांबलं आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या त्या खोलीत माझ्या उमेदीची वर्षं गेली, म्हणून हे लिहिते आहे.

त्याआधीच्या काळावर मी फार शाई खर्च करणार नाही. आमच्याकडच्या कित्येक विभागांत मटेरियल सायन्स म्हणजे फेराइट. झिंकचं प्रमाण थोडं वाढवायचं, गोळी दाबायची, भट्टीत भाजायची, चुंबकत्व मोजायचं, तक्ता भरायचा. १९८७मध्ये ९३ केल्विनला अतिवाहक होणारं इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड आलं. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या वर असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे ज्यांच्याकडे भट्टी होती त्यांनी काळ्या गोळ्या भाजून पाहिल्या. ती लाट ओसरली आणि पुन्हा फेराइट सुरू झाले.

मी संशोधनाला लागले ते २००१च्या सुमारास. त्याच वर्षी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं नॅनोविज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. २००७मध्ये त्याचं नॅनो मिशन झालं आणि पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपये मंजूर झाले. तोवर नॅनो हा शब्द इतका रुळला होता की २००८च्या जानेवारीत टाटांनी छोट्या गाडीला तेच नाव दिलं आणि कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही.

पण आमच्याकडे पैशाआधी पद्धत आली होती, आणि ती टंचाईतून आली होती. निर्वातात थर बसवणारं यंत्र परवडत नव्हतं, म्हणून पातळ थर पाण्यात वाढवायचे. कॅडमियम सल्फाइड हवं असेल तर बीकरमध्ये कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया घ्यायचं, सामू ११च्या आसपास ठेवायचा, तापमान ७० अंश. धुतलेल्या काचेच्या स्लाइड त्यात उभ्या ठेवायच्या. अमोनिया कॅडमियमला धरून ठेवतो आणि थोडं थोडं सोडतो; थायोयुरियातून सल्फाइडही सावकाश सुटतं. हे दोन्ही जितकं संथ, तितका थर काचेला घट्ट बसतो. घाई झाली तर सगळं द्रावणातच साकळतं, बीकरच्या तळाशी पिवळी पावडर जमते आणि स्लाइडवरचा थर बोट लावताच निघतो. द्रावणाला पिवळी झाक आल्यावर नेमकी कधी स्लाइड उचलायची, हे कुठल्याही पेपरमध्ये लिहिलेलं नसतं. सर शेजारी उभे राहत आणि म्हणत, ‘थांब जरा. आता काढ.’ संशोधन शिकवणं म्हणजे काय, ते मी तिथं पाहिलं.

दुसरी पद्धत त्याहून कष्टाची होती. चार बीकर ओळीनं मांडायचे. स्लाइड एका क्षारात बुडवायची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये खळबळायची, दुसऱ्या क्षारात बुडवायची, पुन्हा खळबळायची. दर फेरीला थर किंचित वाढतो. ही ‘सिलार’ पद्धत निकोलाऊ यांनी १९८५मध्ये मांडली, आणि आपल्याकडे ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात खरी फुलली. रासायनिक पद्धतीनं बनवलेल्या थरांवर आर. एस. माने आणि सी. डी. लोखंडे यांनी २०००मध्ये लिहिलेला आढावा आजही जगभरच्या पेपरांच्या संदर्भसूचीत सापडतो. कोल्हापूर-सोलापूरकडची मुलं पुढं पोस्टडॉकसाठी कोरियाला गेली, ती या हातातल्या कौशल्यावर. महागडं यंत्र नसलेल्या ठिकाणी जागतिक दर्जाचं काम होऊ शकतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आणि त्या बीकरमध्ये खरं विज्ञान होतं. थरातले कण काही नॅनोमीटरइतके बारीक झाले की कॅडमियम सल्फाइडचा गडद पिवळा रंग फिका पडतो, कारण कण लहान होतो तशी त्याची ऊर्जाफट वाढते. एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच परिणामावरच्या कामासाठी. ती बातमी आली तेव्हा आमच्या जुन्या सहकाऱ्यांना आनंद झाला, कारण तो रंगबदल आम्ही आमच्या स्लाइडवर रोज पाहिला होता.

मोजमापासाठी मात्र पवई गाठावी लागे. आयआयटीतल्या उपकरण केंद्रात नंबर लागला की रात्रीच्या एसटीनं निघायचं. सॅम्पल मोजकी नेता येत, म्हणून नेण्याआधी शंभर वेळा विचार व्हायचा, आणि तो विचार कामाचा होता. क्ष-किरणांच्या आलेखातल्या रेषेच्या रुंदीवरून कणाचा आकार काढायचं शेररचं सूत्र १९१८चं आहे. यंत्रामुळे येणारी रुंदी त्यातून वजा करावी लागते, थरातला ताण तपासावा लागतो. सर सिलिकॉनचं प्रमाणित सॅम्पल लावून ती वजाबाकी करायलाच लावत. साहजिकच आमच्या कणांचा आकार मोठा यायचा. वजाबाकी न करणाऱ्यांचे कण छोटे निघायचे आणि त्यांचे पेपर आधी छापून यायचे. वीस वर्षं झाली, पण एका परिषदेत एका बड्या तज्ज्ञानं आमचा आकडा पाहून ‘हे काही नॅनो नाही’ म्हणत आम्हाला खाली बसवलं, ते मी विसरलेले नाही. आमचा आकडा बरोबर होता.

त्या दशकातलं महाराष्ट्रातलं सर्वांत देखणं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालं. मुरली सास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कात सोन्याचा क्षार मिसळला आणि सोन्याचे सपाट त्रिकोणी नॅनोकण मिळवले. २००४मध्ये ‘नेचर मटेरियल्स’नं ते छापलं. गोल कण बनवणं सोपं असतं. त्रिकोण का झाले, हा खरा प्रश्न होता आणि त्यांनी तो घेतला. त्यानंतर जे सुरू झालं त्याची मला चीड आहे. तुळस, कडुलिंब, कढीपत्ता, जास्वंद: अंगणातलं एकेक झाड उकळून चांदीचे कण काढले गेले. कुठल्या घटकानं चांदीचं क्षपण केलं, आकार कशामुळे ठरला, हे कुणी विचारेना. पान बदललं की पेपर बदलला.

याला खतपाणी मिळालं ते २०१०मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षीच्या नियमांनी प्राध्यापकाची नेमणूक आणि बढती एपीआयच्या, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकाच्या, गुणांशी जोडली. पेपर वाचायची गरज संपली, मोजले की काम झालं. पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं गल्लोगल्ली निघाली. २०१८मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. मग पुण्याच्या विद्यापीठाच्या मदतीनं मान्य नियतकालिकांची नवी केअर यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाली. दरम्यान एका मोठ्या विभागात मार्चअखेरीस निधी संपवण्यासाठी घेतलेला ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप चालवायला माणूस नाही म्हणून झाकून ठेवलेला मी स्वतः पाहिला. यंत्रासाठी पैसा होता, पण ऑपरेटरच्या पगाराचं कलम कुठल्याच प्रकल्पात नव्हतं.

आज काही गोष्टी निश्चित सुधारल्या आहेत. आम्ही एका पेपरसाठी लेखकाला ई-मेल करून वाट पाहायचो. जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली झाली आहेत. याचं मी मनापासून स्वागत करते. जेआरएफ, म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांची पाठ्यवृत्ती, महिना ३७,००० रुपये झाली आहे, पण माझ्या ओळखीच्या संशोधक मुलांना ती कित्येक महिने उशिरा मिळते. मेसचं बिल थकलेला मुलगा सामूचं रीडिंग कसं घेणार?

हे सगळं एक वेळ सोसता येईल. शेजारी उभा राहून ‘आता काढ’ म्हणणारा माणूस नसणं मात्र सोसता येणार नाही. तासिका तत्त्वावरची मुलं हुशार आहेत, पण आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.चं मार्गदर्शन कायमस्वरूपी प्राध्यापकालाच करता येतं, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला की त्यालाही नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे सरांच्या खोलीत शेवटचा संशोधक विद्यार्थी सर असतानाच येऊन गेला. राज्य सरकारनं विद्यापीठांतल्या रिकाम्या जागा पूर्णवेळ प्राध्यापकांनी भरल्याशिवाय तिथं पुढचा विद्यार्थी नोंदवता येणार नाही.