पडण्याची तयारी

पिकलं पान गळायचंच, असं आपण सहज म्हणून जातो. जणू वय झालं की पान आपोआप सुटतं. फाल्गुनात सागाच्या रानात गेलात, तर पावसाळ्यात मोडून लोंबकळलेली एखादी फांदी शोधा. बाकी झाड उघडं झालेलं असतं, पण त्या मेल्या फांदीची वाळकी पानं अजून देठाने घट्ट धरून असतात. गळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. मेल्या फांदीला ते जमत नाही.

हे काम देठाच्या बुडाशी चालतं. तिथे लहान पेशींचा एक पट्टा आधीपासूनच तयार असतो. पानाकडून येणारं ऑक्झिन हे संप्रेरक आटलं की हा पट्टा इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाला दाद देऊ लागतो. पेशींना सांधणारं पेक्टिन विरघळवणारी विकरं पाझरतात आणि मग वाऱ्याची झुळूकही पुरते. तोवर पानातलं बरंचसं नत्र आणि स्फुरद झाडाने आत ओढून घेतलेलं असतं. मागे उरलेल्या वणावर बुचासारखा थर चढतो. युरोपातली झाडं थंडीपायी पानं टाकतात. आपले साग, ऐन, पळस पाण्याच्या ओढीपायी.

बाळंतपणातही आपण ‘पडणं’ हेच क्रियापद वापरतो. मूल झाल्यावर घरातली जाणती बाई पहिल्यांदा विचारते, ‘वार पडली का?’ लॅटिनमध्येही असंच झालं. विल्यम हंटर यांनी १७७४ मध्ये गरोदर गर्भाशयाचा ३४ चित्रांचा ग्रंथ काढला. गर्भाशयाच्या अस्तराला त्यांनी दिलेलं ‘डेसिड्युआ’ हे नाव आणि पानझडी झाडांना इंग्रजीत लावतात तो ‘डेसिड्युअस’ हा शब्द, दोन्हींचं मूळ ‘गळून पडणं’ हेच. ती चित्रं गरोदरपणी मेलेल्या बायकांची आहेत. त्यांची नावं ग्रंथात नाहीत, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

हे अस्तर आईचं असतं. १९०७ मध्ये लिओ लोएब यांनी गिनीपिगच्या गर्भाशयाला योग्य दिवसांत नुसता ओरखडा काढला, तर गर्भ नसतानाही तिथे डेसिड्युआच्या गाठी उगवल्या. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने जमीन तयार केली होती, निमित्त तेवढं हवं होतं. उंदरात एरवी हे निमित्त गर्भच पुरवतो. बाईचं शरीर मात्र त्याची वाट पाहत नाही; दर महिन्याला अस्तराच्या पेशी फुगू लागतात आणि गर्भ राहिला नाही तर पाळीत ते अस्तर पडतं. पाळी येणारे सस्तन प्राणी मोजकेच. महाबळेश्वरच्या गुहेत राहणारं रुसेटस जातीचं फळखाऊ वटवाघूळ त्यांतलं एक.

गर्भ राहिला तर हेच अस्तर वारेला रुजू देतं आणि तिला हद्दही घालून देतं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी पहिल्या तिमाहीतल्या सुमारे ७०,००० पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हा आईच्या रोगप्रतिकारक पेशी गर्भाच्या पेशींशी किती संयमाने वागतात ते दिसलं. बाळंतपणानंतर वार सुटते तीही याच थरातून. पडलेल्या वारेची आईकडची बाजू निरखून पाहा, तिच्या फुगीर खंडांवर राखाडी, पातळ साय असते. तो डेसिड्युआ.

सिझेरियनच्या वणावर हा थर नीट उगवत नाही. पुढच्या खेपेला वार तिथेच बसली तर तिची मुळं स्नायूत शिरू शकतात आणि मग ती पडत नाही. ओढून काढायला गेलं तर रक्ताचे पाट वाहतात, कित्येकदा गर्भाशयच काढावं लागतं. सिझेरियन वाढली तशा या केसेसही वाढल्या. म्हणून पहिलं सिझेरियन झालेल्या प्रत्येकीने दुसऱ्या खेपेच्या सोनोग्राफीत एक प्रश्न विचारायलाच हवा: वार जुन्या वणावर तर बसली नाही ना?